दोन युद्धांच्या मधलं विमान

गाद्यांच्या पेटीतून रजया काढल्या की घरात दोन-तीन दिवस डांबरगोळ्यांचा वास राहतो. यंदा त्या उशिराच काढल्या. अंगात बळ नव्हतं हे एक, आणि थंडी येते येते म्हणत येत नव्हती हे दुसरं. मग एका सकाळी नळाचं पाणी बोटांना चावलं, समोरच्या रिकाम्या प्लॉटवरच्या चौकीदाराने टायरचा तुकडा पेटवून शेकोटी केली, आणि ‘गजक ले लो, ताज़ी गजक’ असं ओरडत तिळाच्या वड्यांची हातगाडी अयोध्या नगरच्या आमच्या गल्लीतून गेली. आली म्हणायची थंडी. मी रजया उन्हात टाकायला छतावर नेल्या. हयात भोपाळात गेली, आता गच्चीला गच्ची म्हणायचंही राहून जातं. जिन्यात मध्ये एकदा टेकावं लागलं. वर जाऊन बसले, रजईवर गाल टेकला, तर डांबरगोळ्यांच्या आतून दुसराच वास आला. पांढरा डिंक, वार्निश, आणि कुठेतरी लागलेल्या भाताचा. धुऊनसुद्धा त्या हिवाळ्याचा वास रजईतून गेलेला नाही.

त्या हिवाळ्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर एक विमान तयार होत होतं. आम्ही जेवत होतो सोफ्यावर, ताटं मांडीवर घेऊन. विमान जेमतेम फूटभर रुंद, पण त्याने टेबल, दोन खुर्च्या, शोकेसचा खालचा खण आणि माझी दुपारची झोप एवढं सगळं व्यापलं होतं. बांधणारे होते माझे यजमान. कारखान्यात त्यांना सगळे दाणीसाहेब म्हणत. राग आला की मीही दाणीसाहेबच म्हणते, आणि त्या हिवाळ्यापासून बहुतेक वेळा रागच आलेला असतो, म्हणून इथेही तेच नाव राहू दे.

आम्ही दोघंही इथल्या मोठ्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातले. माझे वडील सरकारी कार्यालयाबरोबर नागपूरहून इकडे आले. शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये मी वाढले आणि पुढे कारखान्यात ट्रेसर म्हणून लागले. ट्रेसर म्हणजे साहेब लोकांनी पेन्सिलीने काढलेल्या ड्रॉइंगवर पारदर्शक कागद पसरून ते शाईने गिरवणारी. रेघ चुकली तर ब्लेडने खरवडायची, कागदाला भोक न पाडता. दाणीसाहेब वर्ध्याचे. हॉलच्या टोकाला त्यांचं टेबल. ते चेकर, म्हणजे आमच्या चुका शोधण्याचा पगार घेणारे. आमचे कागद त्यांच्याकडे जायचे आणि लाल पेन्सिलीच्या खुणा घेऊन परत यायचे. माझ्या कागदांवर खुणा कमी असायच्या, म्हणून त्यांनी माझी चौकशी केली म्हणे. कारखान्याच्या वसाहतीत, पिपलानीच्या क्वार्टरमध्ये संसार झाला, मुलगा निखिल तिथेच वाढला आणि नोकरीसाठी पुण्याला गेला, आणि निवृत्तीनंतर आम्ही इथे घर बांधलं. वारा तिकडून असला की कारखान्याचा भोंगा अजून ऐकू येतो. दाणीसाहेब अजून त्यावर घड्याळ लावतात.

तर त्या वर्षी दिवाळी होऊन गेली होती, चिवड्याचा डबा तळाला आला होता, आणि एका सकाळी त्यांच्या हातातून चहाचा कप सुटला. मी फरशी पुसायला वाकले आणि वर पाहिलं, तर तोंड वाकडं झालेलं. दवाखान्यातून घरी आले तेव्हा पाय ओढत का होईना चालत होते, जीभ जड होती पण बोलत होते. उजवा हात मात्र नुसता खांद्याला होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हाताचं जे काही परत यायचं ते बहुतेक या पहिल्या काही महिन्यांतच येईल, पुढे फार आशा धरू नका. जाता जाता हेही सांगितलं की अर्धांगवायूचा दुसरा झटका येऊ शकतो, लक्ष ठेवा. म्हणजे हात परत मिळवायला आमच्याकडे तो एक हिवाळा होता.

व्यायाम करून घ्यायला फरहीन यायची. पंचविशीची मुलगी, स्कूटीवरून यायची, डोक्याला मफलर, बोलणं तुरूतुरू. पहिल्याच आठवड्यात तिने एका वाडग्यात राजमा आणि काबुली चणे एकत्र केले आणि यांच्यापुढे ठेवले.

“अंकल, ये दोनों अलग करने हैं। सीधे हाथ से। उल्टा हाथ पीछे।”

दाणीसाहेबांनी वाडग्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताने तो उचलला आणि भिंतीवर मारला. “मी काय बालवाडीत आहे का?” जड जिभेनेसुद्धा एवढं वाक्य स्पष्ट आलं. फरहीन घाबरली नाही. खाली बसून चणे वेचायला लागली. “ग़ुस्सा है तो अच्छा है आंटी,” ती मला म्हणाली, “जो चुप हो जाते हैं ना, उनका मुश्किल होता है।” पुढे कितीतरी दिवस केर काढताना सोफ्याखालून राजमा निघत होता.

आणि तिची भीती खरी ठरत चालली होती. हळूहळू ते गप्प होत गेले. वर्तमानपत्र नको, टीव्ही नको, निखिलचा फोन आला की ‘बरा आहे’ म्हणून माझ्याकडे द्यायचे. अंघोळ मी घालायची, दाढी मी करायची, सदऱ्याची बटणं मी लावायची, आणि त्या सगळ्या वेळात ते छताकडे बघत राहायचे. मला हाताची काळजी होतीच, पण त्याहून जास्त त्या बघण्याची होती. माणूस घरात होता आणि नव्हता. बोलायला, भांडायला, चहा गोड झालाय म्हणायला कोणी नव्हतं, आणि काम मात्र दोन माणसांचं होतं.

विमान आलं ते निखिलमुळे. दाणीसाहेबांना जुन्या विमानांचं वेड तरुणपणापासून, पण सगळ्या विमानांचं नाही. फक्त दोन महायुद्धांच्या मधल्या विमानांचं. का, तर त्या वीस वर्षांत विमान दिसायला कसं असावं हे कोणालाच ठरवता आलं नव्हतं. “सगळे चुकत होते,” ते म्हणायचे, “आणि उडत होते.” चुका शोधण्यात जन्म गेलेल्या माणसाला याचं एवढं कौतुक का, हे मला कधी कळलं नाही. तर निखिलने इंटरनेटवरून एका जुन्या अमेरिकन मासिकाचं पान शोधलं. टपाल वाहण्यासाठी केलेलं एक विमान. त्याचं नाव लिहीत नाही, लिहूनही कोणाला कळणार नाही. कंपनीने मोजके नग बनवले आणि कंपनीच बंद पडली. आज जगात त्यातलं एकही शिल्लक नाही. बाजारात त्याचा तयार संच मिळत नाही, मिळणारही नाही. करायचं तर प्रत्येक भाग स्वतः, कोऱ्या पुठ्ठ्यापासून करायचा.

पिपलानीच्या बाजारातून मी त्या पानाची मोठी प्रिंट काढून आणली. वर बाजूने दिसणारं विमान, खाली पंख पसरलेलं. पंख पोटाच्या बरोबर मध्यातून निघालेले. मधोमध पानाची घडी पडून काळा पट्टा आलेला, अक्षरं पुसट. मी तो कागद त्यांच्या रजईवर पसरला आणि स्वयंपाकघरात निघून गेले. बऱ्याच वेळाने हाक आली. “अगं, स्केल कुठंय माझी?” इतक्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. मी ओट्याजवळ उभी राहून रडले आणि मग स्केल नेऊन दिली.

पुढचे दिवस घर म्हणजे भंगाराचं दुकान झालं. ड्रॉइंगवरून मी आकार गिरवून घेतले आणि लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून पंखांच्या बरगड्या कापल्या. संक्रांत जवळ आली होती, पतंगांची दुकानं लागली होती. तिथून पतंगाचा कागद आणला, बरगड्यांवर ताणून चिकटवायला, आणि बांबूच्या कामट्या. पोटाला पत्रा हवा होता, तो निघाला यांच्याच गोळ्यांच्या चमकत्या पाकिटांतून. रक्तदाबाच्या गोळीवरचा प्लास्टिकचा फुगा वैमानिकापुढच्या काचेला हवा होता, पण जरा लहान पडत होता. मी म्हटलं, डॉक्टरांना सांगते, काचेला बसत नाही, मोठी गोळी लिहून द्या. ते हसले. हसताना तोंड अजून वाकडंच होत होतं.

फरहीनला ही कल्पना फारच आवडली. तिने राजमा रद्द केला. “ठीक है अंकल, जहाज़ बनाइए। मगर चिमटा सीधे हाथ में।” उजव्या हातात चिमटा धरायचा, बरगडी उचलायची, डिंकाच्या थेंबाला लावायची आणि जागेवर ठेवायची. लिहायला एक ओळ लागली. करायला कधीकधी अख्खी सकाळ जायची. चिमटा गळायचा. बरगडी फरशीवर पडायची, मी शोधायची, फुंकर मारून परत द्यायची. थंडीतसुद्धा त्यांच्या कपाळावर घाम यायचा. रागाने बोलताना त्यांची वर्ध्याची भाषा वर यायची. “अबे, काहून सटकून राह्यला बे!” हे पुठ्ठ्याच्या तुकड्याला. मी ऐकून घ्यायची. तेवढं तरी बोलत होते.

कधीकधी छतावर ऊन घेत ते विमानाबद्दल सांगायचे आणि मी हरभऱ्याचे घाटे सोलत ऐकायची. या विमानाचे वैमानिक कसे उघड्यावर बसून, चेहऱ्याला चरबी फासून, टपालाची पोती घेऊन डोंगर ओलांडायचे. मी एकदा विचारलं, “त्यांना माहीत होतं का हो, की ते दोन युद्धांच्या मध्ये आहेत?” दाणीसाहेब म्हणाले, “कसं माहीत असणार? त्यांच्या मते युद्ध संपलं होतं.” मला त्या माणसांचा हेवा वाटला. आम्हाला डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. एक होऊन गेला, दुसरा येऊ शकतो, आणि आपण मध्ये आहोत, हे माहीत असताना भाजीला वांगी चिरायची, गॅसवाल्याला फोन करायचा, कोथिंबीर मागून घ्यायची. यांचा श्वास मोठा झाला तरी मी कान टवकारायची, हलका झाला तरी टवकारायची. त्या हिवाळ्यातला थकवा कामाचा कमी आणि या कान देण्याचा जास्त होता. तो अजून उतरलेला नाही. आताही हे लिहिताना आतल्या खोलीतल्या खोकल्याकडे एक कान आहे.

लिहायलाही खरं तर मनाई आहे. गेल्या पंधरवड्यात माझ्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, डोळ्यांना ताण द्यायचा नाही. रजया वर नेल्या हे कळलं तर निखिल फोनवरच आरडाओरडा करेल. काळा चष्मा लावून उन्हात बसायचं आणि स्वस्थ राहायचं. इतकी वर्षं ज्या विश्रांतीसाठी मी तडफडत होते ती मिळाली तर ती अशी, आणि आता नुसतं बसलं की मागचंच सगळं येऊन बसतं शेजारी.

तर डाव्या पंखाची गोष्ट. उजवा पंख आम्ही जसातसा पुरा केला होता, तेवढ्यात माझा धीर सुटायला लागला. एक बरगडी बसायला सकाळ जाते, तोवर कुकरच्या शिट्या होऊन जातात, भात लागतो, कपडे भिजलेलेच राहतात. मग मी म्हणायला लागले, “द्या, जरा मी करते.” माझा हात ट्रेसरचा. बरगड्या ओळीत बसल्या, पतंगाचा कागद ढोलकीसारखा ताणला गेला. पंखावर एक लांबट पेटी होती, इंजिनाचं पाणी गार करायची. तिच्यावरच्या बारीक पट्ट्यासुद्धा मी ब्लेडने उठवल्या. पुठ्ठ्याची ती पेटी डाव्या पंखावर वरच्या बाजूला बसवली. दाणीसाहेब शेजारी बसून बघायचे, मधूनमधून ‘वा’ म्हणायचे. आधी एक बरगडी माझी असायची, मग दोन, मग सगळ्याच. विमान पुढे जात होतं आणि घरात शांतता होती.

एक दिवस बोटांची पकड तपासायला फरहीनने त्यांना अंगठा आणि तर्जनीत कागदाचा कपटा धरायला लावला आणि ओढला. कपटा सहज निघून आला. तिने टेबलावरच्या डाव्या पंखाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“ये किसने बनाया?”

“मी... हमने मिलके.”

“आंटी,” ती म्हणाली, आवाज खाली आणून, “प्लेन तो बन जाएगा। हाथ किसका बन रहा है?”

मला तिचा भयंकर राग आला. तू तासभर येतेस आणि जातेस, तुला काय होतंय बोलायला, असं अगदी ओठांवर आलं होतं. तिला चहा दिला, गजक दिली, आणि ती गेल्यावर भांडी आपटली.

त्यानंतर मावठा आला. दोन दिवस बारीक पाऊस, दिवसा दिवे लावावे लागावेत असा काळोख. पंखावर नुकतंच वार्निश दिलं होतं, ते दमट हवेने धुरकट पांढरं पडलं. ऊन पडल्याबरोबर मी विमान छतावर नेलं आणि कपड्यांच्या दोरीला दोऱ्याने टांगलं. शेजारी चटई टाकून आडवी झाले. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून ड्रॉइंगचा कागद तोंडावर धरला. झोप लागणार तेवढ्यात, सवयीने, मी रेघा वाचायला लागले. ट्रेसरची ही खोड मेल्यावरच जायची. समोरून जे दिसतं त्याची रेघ अखंड काढायची, जे आड लपलेलं असतं त्याची तुटक. कागदावर शेपटीपाशी एक छोटी घसरपट्टी होती, जमिनीवर टेकणारी, शेपटीच्या खाली असणारी. तिची रेघ अखंड होती.

मी कागद बाजूला केला आणि दोरीवरच्या विमानाकडे पाहिलं. ते डोक्यावर हळूहळू फिरत होतं. खालून त्याची घसरपट्टी स्वच्छ दिसत होती. वरून ती दिसूच शकत नाही. म्हणजे कागदावरचं ते पंख पसरलेलं चित्र वरून पाहिलेलं नव्हतंच, खालून पाहिलेलं होतं.

आमच्या कारखान्यात एकच पद्धत चालायची. वस्तू वरून जशी दिसते ते चित्र पानावर खाली काढायचं. अमेरिकेत उलटं, पानावर खाली जे काढलंय ते खालून पाहिलेलं. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पण सगळी नोकरी एकाच पद्धतीत गेली, डोळे त्याच वळणाचे झाले. दुसऱ्या कोणी हौशी माणसाने विमानांचे फोटो पाहून काम केलं असतं, त्याची ही चूक झाली नसती. ती ड्रॉइंग ऑफिसातल्या चेकरची आणि ट्रेसरचीच व्हायची. खालून पाहिलेलं चित्र वरून पाहिलेलं समजलं की डावं-उजवं बदलतं आणि वरचं-खालचंही. पेटी डाव्या पंखावर नव्हतीच. ती उजव्या पंखाच्या खाली होती.

सांगायलाच हवं होतं का? त्या विमानाचा एकही नग जगात उरलेला नाही, शेजारच्या तिवारीभाभींपासून निखिलपर्यंत कोणाला काही कळणार नव्हतं. रंग दिला की काम संपणार होतं, टेबल मोकळं होणार होतं. मला ते टेबल फार हवं होतं. आणि दुसरीकडे भीती होती की हे ऐकून ते पुन्हा छताकडे बघायला लागतील. पण चुकीचा कागद चेकरच्या टेबलावरून तसाच पुढे गेलेला मी कधी पाहिला नव्हता, आणि हा चेकर जिवंत होता. मला तो तसाच जिवंत हवा होता. विमान दोरीवरून सोडवून खाली टेबलावर नेलं, चहा ठेवला आणि त्यांच्यापुढे कागद धरून घसरपट्टीवर बोट ठेवलं. अजून काही बोलावं लागलं नाही.

ती रेघ त्यांनी बोटाने तपासून पाहिली. मग डाव्या हाताने त्यांनी डाव्या पंखावरची पेटी पकडली आणि उपटली. कागद टरकन फाटला, आतली कामटी कटकन मोडली. माझा तो सुंदर पंख.

“चेकर मी,” ते म्हणाले. “मला दिसायला हवं होतं.”

“गिरवताना मलाही दिसलं नाही.”

“बरं. उद्या तू नवीन पंख करून टाक. तुझ्या हातचा चांगला होतो.”

मी त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावत होते. हात तिथेच थांबला. “मी नाही करणार,” मी म्हणाले. “मी दमलेय हो.”

इतक्या महिन्यांत हे वाक्य मी कोणापुढे बोलले नव्हते. निखिल विचारायचा तेव्हा ‘चाललंय’ म्हणायची. बोलल्यावर मला वाटलं, काहीतरी होईल, ते रागावतील किंवा माझा हात धरतील. काही झालं नाही. ते उठले, पाय ओढत खोलीत गेले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. नंतरचे दिवस वाईट गेले. ते जेवायचे, औषध घ्यायचे, बोलायचे नाहीत. मोडका पंख टेबलावर पडून होता आणि मी त्याला हात लावत नव्हते. ही वेळ होती का बोलायची, असं हजारदा मनात आलं. हाताचे दिवस भराभर चालले होते. फरहीन आली, तिने सगळं पाहिलं आणि या वेळी उपदेश केला नाही. जाताना दारात माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “आंटी, अब आप रुकिए। बस रुकिए।” थांबणं हे काम आहे आणि ते भांडी घासण्याहून अवघड आहे, हे मला तेव्हा समजलं.

मग एका दुपारी मी छतावर वाळलेले कपडे काढत होते. खालून पॉलिश पेपर घासल्याचा आवाज आला. खरखर, थांब, खरखर. मग काहीतरी पडलं. मग “अबे, काहून बे!” पाय आपोआप जिन्याकडे वळले. मी कठड्याला धरून उभी राहिले आणि खाली गेले नाही. कपडे एकदा घडी केलेले पुन्हा उलगडून घडी केले.

तो पंख त्यांनी एकट्याने केला. किती दिवस लागले ते विचारू नका, पिंपळाची पानं गळायला लागली होती आणि रस्त्याच्या कडेचा पळस लाल झाला होता. बरगड्यांमधलं अंतर कुठे जास्त, कुठे कमी. पतंगाच्या कागदाला सुरकुत्या. टोक जरासं वर उचललेलं. पेटी त्यांनी नवीन केली, ओबडधोबड, आणि उजव्या पंखाखाली लावली. शेवटच्या वेळी फरहीनने कपटा ओढला तेव्हा तो फाटला. अर्धा तिच्या हातात राहिला, अर्धा यांच्या. ती एवढ्याने ओरडली की शेजारून तिवारीभाभी धावत आल्या.

डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. हिवाळ्याने जे दिलं ते दिलं, पुढे काही वाढलं नाही. बटणं लावता येतात, वरचं सोडून. चमचा धरता येतो. लिहिता येत नाही. हात कापतो, विशेषतः कोणी बघत असलं की. दुसरा झटका अजून आलेला नाही. विमान शोकेसमध्ये आहे, रंग दिलेलं, जगातलं त्या जातीचं बहुधा एकुलतं एक. तिवारीभाभी मागे एकदा म्हणाल्या, “भाभीजी, ये एक तरफ़ से टेढ़ा नहीं है?” मी म्हटलं, “वो तरफ़ इनकी है।” दाणीसाहेब वर्तमानपत्रामागे होते, त्यांनी पान उलटलं नाही, म्हणजे ऐकत होते.

परवा मोतीबिंदूच्या औषधाचा प्रश्न आला. डोळ्यात थेंब घालायचे, आणि ते स्वतःला घालायचे नाहीत, चुकून बाटलीचं टोक लागलं तर पंचाईत. पहिले दिवस तिवारीभाभी येऊन घालत होत्या. परवा त्या लग्नाला इंदूरला गेल्या. फरहीन आता लांब कुठेतरी मोठ्या दवाखान्यात आहे. मी फोन हातात घेऊन विचार करत होते कोणाला बोलवावं, तर आतून दाणीसाहेब आले. “आडवी हो,” म्हणाले.

मी पलंगावर आडवी झाले. ते शेजारी खुर्ची ओढून बसले, डाव्या हाताने माझी पापणी वर धरली आणि उजव्या हातात बाटली घेतली. मला ती अगदी जवळून, खालून दिसत होती. थरथरत होती. पहिला थेंब गालावर पडला आणि कानाकडे ओघळला. पुढचा कपाळावर. त्यांनी बाटली खाली ठेवली, हात पायजम्याला पुसला, परत उचलली.

“हलू नकोस.”

“मी कुठे हलतेय? तुमचा हात हलतोय.”

“ठाऊक आहे मला,” ते म्हणाले. “म्हणून तर सांगतोय, तू तरी हलू नकोस.”